समितीतला ऱ्हस्व 'मि'

गेल्या हिवाळ्यात आमच्या बँकेने मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवले. विषय होता 'संघभावना'. या विषयासाठी शाखेतून माझीच निवड का झाली हे आधी सांगितले पाहिजे. नाहीतर वाचकांचा माझ्याविषयी उगाच चांगला ग्रह व्हायचा. मॅनेजरसाहेबांनी सकाळी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून विचारले, "कोण जातंय?" आम्ही सहाजण होतो. सहाहीजणांनी एकदम वर पंख्याकडे पाहिले. त्यात मला शिंक आली. साहेब म्हणाले, "शाब्बास!" आणि माझे नाव लिहून मोकळे झाले.

प्रशिक्षण एका मोठ्या शहरातल्या हॉटेलात होते. शिकवणारा तरुण अठ्ठावीस-तीस वर्षांचा, टाय लावलेला आणि विलक्षण आनंदी होता. सकाळी दहा वाजता इतका आनंद मी बँकेत कोणाच्या तोंडावर पाहिलेला नाही, पगाराच्या दिवशीसुद्धा. त्याने आमचे आठ-आठ जणांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला जुनी वर्तमानपत्रे देऊन मनोरा बांधायला सांगितले. आमच्या गटात एकाने कागदाच्या सुरळ्या केल्या, एकाने डिंक आणला, दोघांनी सूचना दिल्या, तिघे "छान, छान" म्हणाले आणि आठव्याने, म्हणजे मी, हाती आलेल्या वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचला. मनोरा पडला. तो तरुण म्हणाला, "काही हरकत नाही! पडला तरी आपण सगळ्यांनी मिळून पाडला!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, "संघात 'मी' नसतो." टीम या इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगमध्ये 'आय' हे अक्षर नाही, असा त्याने या सिद्धांताला पुरावा दिला. पुन्हा टाळ्या.

मी मात्र हिमायतनगरचा माणूस. मला इंग्रजी स्पेलिंगपेक्षा मराठी शुद्धलेखनाची भीती जास्त. मी मनातल्या मनात 'समिती' हा शब्द लिहून पाहिला. त्यात 'मि' आहे. 'कमिटी' लिहून पाहिला. त्यातही आहे. फक्त दोन्हीकडे तो ऱ्हस्व आहे. आणि वाचकहो, हॉटेलाच्या त्या गारेगार खोलीत मला आमच्या कॉलनीची मोटार आठवली. या लेखात मला संघभावनेविरुद्ध जे काही बोलायचे आहे, ते या ऱ्हस्व 'मि'बद्दल आणि त्या मोटारीबद्दलच आहे.

हिमायतनगर म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडचे वाढोणा. नांदेड जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव परमेश्वराच्या देवळासाठी आणि महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. गावातच परमेश्वर असल्यामुळे बरीचशी कामे त्याच्यावर सोडण्याची आम्हाला सवय आहे. आमच्या कॉलनीत बेचाळीस घरे आणि एक बोअर. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत बोअरची देखभाल करण्यासाठी अकरा जणांची समिती नेमायचे ठरले. सर्वानुमते नेमली. तीत एक गुरुजी होते, एक तलाठी, एक विमावाले, एक कंपाउंडर, एक कृषी सहायक, आणखी पाच सज्जन आणि खजिनदार म्हणून मी. बँकेतला माणूस खजिनदार, हे आपल्याकडे ठरलेलेच आहे. दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजणाऱ्याला संध्याकाळीही तेच करायला आवडत असेल, अशी लोकांची समजूत आहे.

समितीची पहिली बैठक पावणेदोन तास चालली. त्यातली पन्नास मिनिटे मोटारीच्या खोलीच्या दाराला कोणता रंग द्यायचा यात गेली. गुरुजींना निळा हवा होता, विमावाल्यांना हिरवा. पार्किन्सन नावाच्या एका इंग्रज लेखकाने १९५७ साली अशाच एका काल्पनिक बैठकीचे वर्णन करून ठेवले आहे. एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर होते आणि कारकुनांच्या सायकली ठेवायच्या साडेतीनशे पौंडांच्या शेडवर पाऊण तास वाद होतो. कारण अणुभट्टी कोणालाच कळत नाही आणि शेड सगळ्यांना कळते. आमच्याकडे अणुभट्टीच्या जागी मोटार होती. शेवटी चहा आल्यावर कोणीतरी म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर मोटार कोरडी फिरते. तेव्हा ती लगेच बंद नाही केली तर जळते. त्याचं काय?" यावर अध्यक्ष म्हणाले, "आपण सगळ्यांनी मिळून लक्ष ठेवू." सगळे म्हणाले, "बरोबर आहे." दीड मिनिट.

मला त्याच वेळी वाटले होते की, 'सगळ्यांनी मिळून' म्हणजे नेमके कोणी, हे विचारावे. पण बैठक संपत आली होती, चहा निवत होता आणि एवढ्या गोड ठरावात खडा टाकणारा माणूस भांडखोर ठरतो. मी हात वर केला. इतिवृत्तात नोंद झाली, 'सर्वानुमते मंजूर'.

मे महिन्यात एका रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली. उकाडा होता, खिडक्या उघड्या होत्या. मोटारीचा आवाज बदलला होता. रोजच्या घूंऽ मध्ये एक घरघर मिसळली होती; म्हाताऱ्या माणसाला रात्री खोकल्याची उबळ यावी तशी. मी अंथरुणात उठून बसलो. सौ. म्हणाली, "अहो, मोटार कशीतरीच वाजतेय." मी म्हणालो, "गुरुजींचं घर खोलीला लागूनच आहे. त्यांनी ऐकलंच असेल." आणि झोपलो.

सकाळी मोटार जळालेली होती. समितीची तातडीची बैठक भरली आणि तिच्यात एक चमत्कारिक गोष्ट उघडकीला आली. तो आवाज अकराच्या अकरा जणांनी ऐकला होता. गुरुजींनी ऐकला, पण त्यांना वाटले, किल्ली तलाठ्यांकडे आहे. तलाठ्यांनी ऐकला, त्यांना वाटले, गुरुजी उठले असतील. विमावाले तर गच्चीवर उभे राहून कोणाच्या घरात दिवा लागतो ते पाहत होते. कोणाच्याच घरात लागला नाही, तेव्हा काही विशेष नसावे असे समजून तेही झोपले. म्हणजे लक्ष ठेवायचे ठरले होते ते अकराहीजणांनी इमानेइतबारे ठेवले. खटका दाबायचे तेवढे ठरले नव्हते.

नवी मोटार बसेपर्यंत नऊ दिवस गेले. हिमायतनगरच्या मे महिन्यात नऊ दिवस पाणी नसणे म्हणजे काय, हे मी आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळायचे नाही. सातव्या दिवशी आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरातल्या काकू पलीकडच्या हातपंपावरून कळशी घेऊन येताना पडल्या. वय एकाहत्तर. एकट्याच राहायच्या. खुब्याचे हाड मोडले. मुलाने येऊन त्यांना पुण्याला नेले. अजून त्यांच्या घराला कुलूप आहे. समितीने त्यांच्याविषयी सहानुभूतीचा ठराव केला, तोही सर्वानुमते. इतिवृत्तात तो ठराव कोणी मांडला याची जागा मोकळी आहे. तीसुद्धा मीच मोकळी ठेवली, कारण इतिवृत्त लिहायचे कामही खजिनदाराकडेच आले होते.

हे सगळे मनात असताना समोर फळ्यावर 'संघात मी नसतो' असे लिहिलेले पाहून मला टाळ्या वाजवता येईनात. मी वेळ काढण्यासाठी हातातली पुस्तिका चाळली. प्रशिक्षणात मिळणाऱ्या पुस्तिका वाचायच्या नसतात, असा संकेत आहे. मी तो मोडला. आणि काय सांगू, त्या तरुणाच्या सगळ्या भाषणाला उत्तर त्याच्याच पुस्तिकेच्या मागच्या पानांवर बारीक टायपात छापलेले होते!

रिंगेलमान नावाचा एक फ्रेंच शेतकी इंजिनिअर होता. त्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला आणि आकडे १९१३ साली प्रसिद्ध केले. एकटा माणूस जेवढे ओढतो त्याला शंभर धरा. आठजण मिळून ओढू लागले की प्रत्येकाच्या वाट्याला एकोणपन्नासच येतात. निम्म्याहून कमी! थोडा जोर एकमेकांचे ओढणे एका वेळी न जुळल्यामुळे वाया जातो आणि थोडा, 'बाकीचे ओढताहेत ना' या विचाराने घरीच राहतो. पुढे १९७९ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी माणसांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावले. आपल्याबरोबर आणखी लोकही ओरडताहेत असे नुसते वाटले तरी माणूस घसा आखडता घेतो, असे दिसून आले. पण मला खरा धक्का पुढच्या ओळीने दिला. १९८१ साली त्याच मंडळींनी असे पाहिले की, प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार आहे असे कळले की ही अंगचोरी गळून पडते. म्हणजे संघात 'मी' नसतो तेव्हा माणूस चुकारपणा करतो आणि 'मी' ठळक दिसला की ओरडतो. पुस्तिका हे म्हणत होती. फळा बरोबर उलटे म्हणत होता.

त्याच्या पुढच्या पानावर आमची मोटार होती. म्हणजे नाव निराळे होते, पण मी ती ओळखली. १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये डार्ली आणि लाताने या दोघांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रावरून एकमेकांशी बोलायला लावले. मध्येच एकाला झटका आल्याचा आवाज येऊ लागला. तो अर्थात आधी ध्वनिमुद्रित केलेला होता. हा आवाज आपण एकटेच ऐकतो आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यातले शंभरात पंच्याऐंशी जण झटका संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघेही ऐकताहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यातले फक्त एकतीस. आणि जे उठले नाहीत ते काही दगड नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम आला होता. हे वाचल्यावर मी पुस्तिका मिटली. त्या रात्री दोन वाजता माझ्या तळव्यांना घाम आला होता. मी तो उकाड्याच्या खात्यावर टाकला होता.

आता मूळ मुद्द्यावर येतो. संघभावना शिकवणाऱ्यांचे म्हणणे असे की, माणसांचा एकमेकांवर विश्वास असला, त्यांच्यात भांडणे नसली आणि प्रत्येकाने आपला 'मी' दाराबाहेर चपलांजवळ काढून ठेवला की काम उत्तम होते. माझे म्हणणे असे की, आमच्या समितीत हे तिन्ही गुण होते. विश्वास तर इतका होता, की गुरुजी उठले असतील असा दहाजणांचा विश्वास होता! भांडण एकही नव्हते. रंगाचासुद्धा शेवटी समेट झाला आणि दार अर्धे निळे, अर्धे हिरवे रंगवले गेले. आणि 'मी' तर कोणाजवळच नव्हता. संघभावनेची अशी पूर्ण मात्रा पोटात गेल्यावर मोटार जळाली. काकू पडल्या.

याउलट मी ज्या संस्थेत नोकरी करतो ती रोज सकाळी दहाला कशाच्या बळावर उघडते ते पाहा. बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात. एक हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. कोणाची चावी कोणाकडे, कोणत्या तारखेपासून, रजेवर जाताना ती कोणाच्या हातात दिली, याची रजिस्टरात सहीनिशी नोंद असते. चेक एकजण उतरवतो, दुसरा तपासून पास करतो. आता हे कॉम्प्युटरवर होते, पण तिथेही एकाने टाकलेली नोंद त्यालाच मंजूर करता येत नाही. सगळी बँक अशी एकमेकांवरच्या सभ्य अविश्वासावर उभी आहे. आमचे हेड कॅशियर आणि अकाउंटंट एकमेकांशी चार वर्षे बोलत नव्हते. तिजोरी एक दिवसही उशिरा उघडली नाही. त्यांच्यात संघभावना औषधालाही नव्हती. पण कोणती चावी कोणाची, याविषयी दोघांच्याही मनात तिळमात्र संशय नव्हता.

खरे म्हणजे आमच्या जिल्ह्यात एखाद्या बँकेत झालेले सर्वांत चोख सांघिक काम कोणते, असे मला कोणी विचारले, तर बँकेचा नोकर असूनही मी सांगेन की ते उमरीला झाले. आणि ते बँक लुटण्याचे होते. जानेवारी १९४८ मध्ये, हैदराबाद संस्थान अजून निजामाकडे असताना, मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी लढ्याला पैसा हवा म्हणून उमरीची बँक लुटली. आमच्याकडे अजून जुन्या घरांतून ही गोष्ट सांगतात. नुसता विचार करून पाहा. पहारा कोणी द्यायचा, आत कोणी शिरायचे, पैसे कोणी उचलायचे आणि कोणत्या वाटेने न्यायचे, हे 'आपण सगळे मिळून बघू' म्हणून सोडले असते तर काय झाले असते? अकराजण पहाऱ्याला उभे राहिले असते आणि तिजोरीजवळ कोणीच नाही. त्या माणसांनी देशासाठी आपला 'मी' पणाला लावला, तो बाजूला काढून ठेवला नाही. दोन्हींत फरक आहे.

इतक्या लांबचे उदाहरण नको असेल तर आमच्या काउंटरवर या. महिला बचत गट हा प्रकार आता गावोगाव झाला आहे. १९९२ साली नाबार्डने गट बँकांशी जोडण्याची योजना सुरू केली, तेव्हा प्रयोगासाठी पाचशे गट घ्यायचे होते. आज आमच्या एका शाखेतच त्यांची खाती ठेवायला कपाट पुरत नाही. गट दहा ते वीस बायकांचा. आम्ही कॉमर्सला शिकत होतो त्या वेळच्या १९५६च्या कंपनी कायद्यात, वीसपेक्षा जास्त माणसे नफ्याच्या धंद्यासाठी एकत्र आली तर नोंदणी सक्तीची होती. वीसच्या पुढे माणसे एकमेकांच्या नजरेतून निसटतात, हे त्या कायद्याने रिंगेलमानचे नाव न घेता ओळखले होते, असे आपले माझे मत. गटाची सूत्रे पाच. नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्जाचा व्यवहार, वेळेवर परतफेड आणि चोख लेखे. या पाचांत 'प्रेमाने वागा' हे नाही, याकडे मी त्या टायवाल्या तरुणाचे लक्ष वेधू इच्छितो.

माझ्या काउंटरवर येणाऱ्या एका गटाच्या अध्यक्षीणबाई कॉलनीतच दोन घरी धुणीभांडी करतात. त्यांच्याबरोबर सचिव म्हणून येणारी बाई त्यांची जाऊ. दोघींचे घरात पटत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. खात्यावर सह्या दोघींच्या. अध्यक्षीणबाई पैसे मोजतात. मग जाऊ तेच पैसे पुन्हा मोजते. मग मी मोजतो, तेव्हा दोघी माझ्या बोटांवर नजर रोखून उभ्या असतात. एकदा मी जरा थांबलो तर धाकटी म्हणाली, "सायेब, मोजायलाव का झोपायलाव?" वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामावर इतकी बारीक देखरेख इन्स्पेक्शनवाल्यांनीसुद्धा केलेली नाही.

मी एकदा त्यांना विचारले, "बाई, तुम्ही एकमेकींवर थोडा विश्वास का नाही ठेवत?" अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "इस्वास हाय म्हणूनच तर मोजतोत की. न्हाई तर तिला संगं आणलीच नसती." मग जावेकडे बघून म्हणाल्या, "आन् हिच्यावर न्हाई." दोघी हसल्या. त्यांच्या बैठकीत उशिरा येणारीला दंड आहे. कोणी किती भरले, कोणाचे किती थकले, हे सगळ्यांच्या समोर मोठ्याने वाचले जाते. कबूल नसेल ती तिथेच तोंडावर सांगते. शेवटी नावापुढे सही किंवा अंगठा. हा अंगठा पाहिला की मला आमच्या कॉलनीच्या मोबाईलवरच्या ग्रुपातले अंगठे आठवतात. 'उद्या सकाळी टाकी धुवायला यावे' असा निरोप टाकला की अडतीस अंगठे उमटतात आणि सकाळी टाकीजवळ निरोप टाकणारा एकटा उभा असतो. बाईच्या अंगठ्याला शाई लागते, तिच्यावर कर्ज चढते. आमच्या अंगठ्याला काहीच लागत नाही.

आता कोणी म्हणेल, बचत गटांचे एवढे कौतुक नको. मान्य आहे. गट मोडतात, तेही मी पाहिले आहे. चारचौघींत थकबाकी वाचली जाते तेव्हा जिच्या घरी खरेच अडचण आहे, तिच्या डोळ्यांत पाणी येते. समूहाची नजर हे दुधारी हत्यार आहे, आणि त्याची धार नेहमी गरिबाकडेच जास्त वळते. माझी तक्रार उलटी आहे. एक धुणीभांडी करणारी बाई महिन्याच्या शे-दोनशे रुपयांसाठी जेवढी जबाबदारी उघड्यावर घेते, तेवढी बेचाळीस घरांच्या पाण्यासाठी आम्ही अकरा शिकलेली, पगारदार माणसे का घेत नाही? आमच्यातले निम्मे सरकारी नोकर. दिवसभर सहीशिवाय कागद पुढे सरकू न देणारे. संध्याकाळी कॉलनीत आले की म्हणतात, "घरचंच काम आहे, सही कशाला?" सही कशाला ते मी सांगतो. सही केली की उद्या नाव निघते. 'सर्वानुमते' म्हटले की कोणाचेच निघत नाही. त्या शब्दाची गोडी यातच आहे.

प्रशिक्षणाहून परत आल्यावर मी समितीच्या बैठकीत ठराव मांडला. आठवड्याला एक माणूस. त्या आठवड्यात किल्ली त्याची, मोटार त्याची, दोष त्याचा. किल्ली देताना-घेताना वहीत सही. आणि खोलीच्या दारावर, निळ्या भागावर की हिरव्या भागावर ते अध्यक्षांनी ठरवावे, त्याचे नाव आणि फोन नंबर खडूने लिहायचा. बैठकीत शांतता पसरली. विमावाले म्हणाले, "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही का?" मी म्हणालो, "नाही." हा शब्द तोंडातून कसा गेला ते मला अजून कळलेले नाही. गुरुजी म्हणाले, "इतकी वर्षं आपण भावासारखे राहिलो." मी म्हणालो, "काकूसुद्धा आपल्याला भावासारखंच समजत होत्या." त्यावर बरेच बोलणे झाले. त्यातले काही इतिवृत्तात घेण्यासारखे नव्हते. शेवटी मते घेतली. सहा विरुद्ध पाच. कॉलनीच्या इतिहासात पहिल्यांदाच मी 'बहुमताने मंजूर' असे लिहिले आणि खाली विरोध करणाऱ्यांची नावे घातली. महिनाभर विमावाले माझ्याशी बोलले नाहीत. मला हेड कॅशियर आणि अकाउंटंट आठवत होते. मी मनाशी म्हटले, काम चांगले होण्याची ही लक्षणे आहेत.

त्यानंतरच्या मे महिन्यात पुन्हा एकदा रात्री मला तीच घरघर ऐकू आली. आठवडा गुरुजींचा होता. माझा नव्हता. या कुशीवरून त्या कुशीवर वळायला आता तर मला वहीचा लेखी आधार होता. पण यावेळी एक सोय होती. कोणाला उठवायचे ते ठाऊक होते. मी फोन लावला. गुरुजींचा आवाज वैतागलेला होता. "अहो, मी खोलीतच उभा आहे. आत्ताच बंद केली. काय झोपू देता का नाही? तुमचा हा पाचवा फोन!"

पाचवा! माझ्याआधी चौघांनी तो आवाज ऐकला होता आणि चौघांनीही फोन लावला होता. मी अंधारात बसून हसलो. सौ. म्हणाली, "झालं काय?" मी म्हणालो, "काही नाही. झोप." सकाळी पुण्याला काकूंना फोन करून सांगितले. त्यांनी विचारले, "पाणी आलं का मग?" म्हटले, आले. "बरं झालं," म्हणाल्या. आपण परत कधी येणार, ते काही त्या बोलल्या नाहीत. मीही विचारले नाही.

पुढच्या बैठकीत गुरुजींनी तक्रार केली. एकाच गोष्टीसाठी मध्यरात्री पाचजणांनी फोन करण्याची काय गरज? फोन कोणी करावा हे ठरवण्यासाठी पाच सदस्यांची एक उपसमिती नेमावी, असे त्यांनी सुचवले. अध्यक्षांना कल्पना आवडली. विमावाल्यांनी अनुमोदन दिले. चहा आला होता. सगळे हात वर जात होते.

मी माझा खाली ठेवला आणि इतिवृत्ताच्या वहीत विरोधाच्या रकान्यात लिहिले, 'मी'. दीर्घ.